वहीतली साखर, मीटरमधली साखर: एकत्र कुटुंबातल्या एका मुलीचं प्रकरण

बालरोग परिचर्या शिकवताना ‘कुटुंबरचना आणि पालकत्वाच्या शैली’ हा धडा विद्यार्थी पाठ करतात आणि वॉर्डात आल्यावर विसरतात. केसपेपरवर ‘कुटुंब: संयुक्त’ एवढं लिहिलं की काम झालं, असं त्यांना वाटतं. म्हणून एकच प्रकरण इथे सविस्तर मांडलं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. मुलीला इथे मुक्ता म्हणू.

पार्श्वभूमी

मुक्ता ११ वर्षांची, सहावीत शिकणारी. गाव सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातलं. खानापूर-आटपाडी भागातली कितीतरी माणसं सोन्याचांदीच्या आटणीच्या, म्हणजे गलाईच्या धंद्यात देशभर पांगलेली आहेत. मुक्ताचे वडीलही दक्षिणेतल्या एका शहरात गलाईच्या दुकानात असतात. गावी येतात दिवाळीला आणि जत्रेला.

घरी आजी, थोरले चुलते (त्यांना सगळे तात्या म्हणतात), काकी, त्यांचे दोन मुलगे, मुक्ताची आई, मुक्ता आणि तिचा ६ वर्षांचा भाऊ. डाळिंबाची बाग, पैसा आणि गावातला व्यवहार तात्यांकडे. चूल आजी आणि काकींच्या हातात. मुक्ताची आई पहाटेपासून राबते, पण वॉर्डात तिला काहीही विचारलं की उत्तर ठरलेलं: “घरी विचारून सांगते.”

मुक्ताला ९ व्या वर्षी टाइप १ मधुमेहाचं निदान झालं. सारखी लघवी, अंथरूण ओलं होणं, वजन उतरणं हे महिनाभर चाललं होतं. आजीने दृष्ट काढली, मग गावातल्या डॉक्टरांकडून औषध आणलं, आणि शेवटी ती धापा टाकत दवाखान्यात आली ती डीकेएमध्येच (डायबेटिक केटोअ‍ॅसिडोसिस: इन्सुलिनअभावी रक्तात आम्लं साठून जिवावर बेतणारी अवस्था). बरी झाल्यावर घरी सोडताना इन्सुलिन कसं भरायचं, कुठे टोचायचं, साखर कशी तपासायची हे सगळं शिकवलं गेलं. शिकवलं आईला. डिस्चार्ज कार्डावर तशी नोंद आहे, आईची सहीही आहे.

पुढचे काही महिने इन्सुलिनची गरज बरीच कमी झाली. निदानानंतर स्वादुपिंडात उरलेल्या पेशी थोडा काळ सावरतात, त्यातून असं होतं. या टप्प्याला आपण हनिमून फेज म्हणतो. हे कोणी नीट समजावलं नसल्यामुळे घरात श्रेय गेलं ते आजीच्या कारलं-जांभूळबियांच्या काढ्याला. “रोग उतरतोय” हे घराने मनात पक्कं केलं, आणि पुढे डोस परत वाढवावा लागला तेव्हा दोष आला आईवर.

अडचण

या प्रकरणातली भरती ही वर्षभरातली दुसरी डीकेए. आली तेव्हा साखर ४८६, रक्ताचा पीएच ७.१२, बायकार्बोनेट ९, लघवीत केटोन भरपूर. आधी सलाइन, तासाभराने शिरेतून इन्सुलिनचं इन्फ्युजन, तासातासाला साखर, मेंदूला सूज येत नाही ना यावर डोळा. तिसऱ्या दिवशी ती पलंगावर बसून उपमा खात होती. उपचार हा सोपा भाग होता. पुन्हा का झालं, हा प्रश्न अवघड होता.

संसर्गाची लक्षणं नव्हती. मग इन्सुलिन खराब झालं का? बाटली फ्रिजच्या दारात ठेवत, गोठलेली नव्हती, मुदत शिल्लक होती. सिरिंज चुकीची का? आपल्याकडे हे आवर्जून पाहायचं. ४० युनिटच्या (म्हणजे दर मिलीत ४० युनिट असलेल्या) बाटलीला लाल टोपणाची सिरिंज लागते, १०० युनिटच्या बाटलीला नारिंगी टोपणाची. ४० च्या बाटलीतलं औषध १०० च्या सिरिंजने भरलं तर १६ च्या रेघेपर्यंत भरूनही पोटात जातं जेमतेम साडेसहा युनिट. इथे बाटली आणि सिरिंज दोन्ही बरोबर होत्या.

मग वही मागवली. आईने पिशवीतून काढून दिली. सकाळ-संध्याकाळच्या साखरेच्या नोंदी व्यवस्थित, सगळ्या १२० ते १६० च्या मधल्या, महिनोन्महिने एकाच निळ्या पेनाने. खरोखर अशी साखर असती तर एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) साडेसहाच्या आसपास यायला हवं होतं. आलं १३.१, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी सव्वातीनशेच्या पुढे. मीटरची मेमरी उघडली तेव्हा कित्येक दिवस कोरे निघाले, आणि ज्या तपासण्या होत्या त्यातल्या बऱ्याच साडेतीनशेच्या वर.

तिसरा पुरावा तात्यांच्या खिशात होता. औषधांची बिलं ते जपून ठेवतात. मुक्ताला मिश्र इन्सुलिन सकाळी १६ आणि संध्याकाळी ८, असं दिवसाला २४ युनिट लिहून दिलं होतं. तिच्या ४० युनिटवाल्या १० मिलीच्या बाटलीत एकूण ४०० युनिट असतात, म्हणजे बाटली १६-१७ दिवसांत संपायला हवी. बिलांवरच्या तारखांमध्ये महिन्या-महिन्याचं अंतर होतं. निम्मं इन्सुलिन पोटात जातच नव्हतं. विद्यार्थ्यांनी हा हिशेब हाताने करून पाहावा. वारंवार होणाऱ्या डीकेएचं सगळ्यात नेहमीचं कारण इन्सुलिन चुकणं हेच असतं, आणि दुकानाचं बिल कोणाची भीड ठेवत नाही.

निर्णयाची पहिली जागा: विचारायचं कसं

वही खोटी आहे हे कळल्यावर राउंडमध्ये, सगळ्यांसमोर, आईला आणि मुलीला जाब विचारणं सोपं होतं. एका ज्युनियर डॉक्टरने सुरुवातही केली होती. संध्याकाळच्या पाळीच्या सिस्टरने ते थांबवलं आणि वही परत पिशवीत ठेवली. आई जेवायला गेल्यावर व्हेनफ्लोची (हातातल्या सलाइनच्या सुईची) पट्टी बदलता बदलता तिने मुक्ताला विचारलं, “टोचून घेणं कोणत्या दिवशी सगळ्यात नको वाटतं गं?”

“टोचतेस का?” असं विचारलं असतं तर उत्तर “हो” असंच आलं असतं. या प्रश्नात काही दिवस चुकतात हे धरूनच चाललं होतं. मुक्ता म्हणाली, “पीटीच्या दिवशी.”

मग एकेक बाहेर आलं. दिवाळीनंतर पीटीच्या तासाला तिला घाम फुटून चक्कर आली होती. शाळेत मधुमेहाची कल्पना कोणालाच नव्हती. सरांनी “डबा खाऊन येत जा” म्हणून बाजूला बसवलं, मुली हसल्या. साखर उतरली होती, हे तिला स्वतःला कळलं होतं. त्यानंतर शाळेच्या दिवशी सकाळचा डोस ती निम्मा घ्यायची किंवा मोरीत सोडून द्यायची. “मोठी झालीस आता, तुझं तू घे” असं वडिलांनी सांगितल्यामुळे टोचताना शेजारी कोणी नसायचं.

घरात पाहुणे असले की संध्याकाळचाही राहायचा. थोरल्या चुलतभावाचं लग्न जमवणं चालू होतं. घरात ‘साखरेची पोरगी’ आहे हे बाहेर जाऊ नये, असं तात्यांनी बजावलं होतं.

आणि वही? वडील रोज रात्री नऊला व्हिडिओ कॉल करतात. पहिला प्रश्न, “किती आली?” आकडा मोठा असला की ते मुक्तावर फारसे चिडत नाहीत, तिच्या आईवर चिडतात: तुझं लक्ष नाही, दिवसभर काय करतेस. मग आई मागच्या दारी जाऊन रडते. मुक्ता १४० लिहायची ती आईला वाचवायला.

कुटुंब कागदावर

जिनोग्राम, म्हणजे कुटुंबाची आकृती, काढताना आपण पुरुषांना चौकोन, बायकांना गोल करतो, रेघा जोडतो आणि फाइलला लावतो. या वेळी विद्यार्थिनींना त्याच कागदावर आणखी तीन गोष्टी लिहायला लावल्या: पैसे कोण देतं, ताटात कोण वाढतं, मुलगी दुखलंखुपलं कोणाला सांगते. पैसे तात्या. वाढते आजी. सांगते कोणालाच नाही. पूर्वी आजीला सांगायची. आईचं नाव तिन्ही ठिकाणी नव्हतं, आणि दवाखान्याने सगळं शिक्षण दिलं होतं ते तिलाच.

पालकत्वाच्या शैलींचं कोष्टक इथे कितपत लागू पडतं? डायना बॉमरिंड यांनी १९६०च्या दशकात कॅलिफोर्नियात बालवाडीच्या वयाची मुलं आणि त्यांचे आईवडील पाहून तीन शैली मांडल्या: नुसत्या धाकाची, नुसत्या लाडाची, आणि नियम व माया दोन्ही असलेली. १९८३ मध्ये मॅकोबी आणि मार्टिन यांनी मुलाकडून अपेक्षा किती आणि त्याला प्रतिसाद किती अशा दोन मोजपट्ट्या लावून चौथी, दुर्लक्षाची शैली जोडली. परीक्षेत आपण ‘या मुलाच्या पालकांची शैली ओळखा’ असं विचारतो. मुक्ताच्या घरात एकाच वेळी वडिलांचा फोनवरून धाक होता, आजीचा लाड होता (रात्री सगळे निजल्यावर साखर घातलेली दुधाची वाटी) आणि टोचण्याच्या वेळी पूर्ण एकटेपण होतं. यातली एकच शैली निवडून लिहिणारा विद्यार्थी नापास करावा असं मला वाटतं. अशा घरात मुलाला जाच होतो तो या शैली एकमेकींना छेद देतात तेव्हा. टोचलं तर आजी हळहळते, नाही टोचलं तर वडील ओरडतात, आणि दोन्हीचा भार एकाच बाईवर पडतो.

साल्व्हादोर मिनुचिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात फिलाडेल्फियात वारंवार केटोअ‍ॅसिडोसिस होणाऱ्या मुलांची कुटुंबं अभ्यासली होती. मोठ्यांमधला न बोललेला ताण मुलाच्या शरीरावर निघतो, असं त्यांचं म्हणणं. त्या मांडणीवर पुढे टीकाही झाली, कारण वाचणाऱ्यांनी तिचा अर्थ ‘आजाराला घरचेच जबाबदार’ असा घेतला. वॉर्डात आपण हे करतो. “आईच निष्काळजी आहे” हे वाक्य मुक्ताच्या केसपेपरवर पहिल्या दिवशी पेन्सिलीने लिहिलेलं होतं.

कोणते मार्ग होते

आईला पुन्हा शिकवून घरी सोडणं हा पहिला, सवयीचा मार्ग. तिला येत नव्हतं असं नव्हतंच. तिने सिस्टरांसमोर अचूक डोस भरून दाखवला. तिच्या शब्दाला घरात वजन नव्हतं, आणि ते वॉर्डातल्या शिकवण्याने येणार नव्हतं.

वडिलांनी तिघांना आपल्याकडे न्यावं, हा दुसरा. विद्यार्थिनींना हाच सगळ्यात पटला होता. एकत्र कुटुंब ही अडचण, विभक्त झालं की सुटली, असा त्यांचा सरळ हिशेब. पण परक्या भाषेच्या शहरात, एका खोलीत, दिवसभर एकटी आई आणि रात्री आकड्यांवरून चिडणारे वडील. मध्ये आजी नाही, काकी नाही. हा मार्ग कायमचा बाद केला नाही, तेव्हापुरता बाजूला ठेवला.

आजोळी ठेवणं हा तिसरा. मुक्ताची आजोळची आजी तयार होती. पण मग मुक्ता आईपासून तुटली असती, आणि आजारी म्हणून घरातून काढलं असंच तिने धरलं असतं.

बालकल्याण समितीला कळवायचं का, यावर टीममध्ये दोन मतं होती. बाल न्याय अधिनियम २०१५ नुसार उपचाराकडे दुर्लक्ष होत असलेल्या मुलाचा प्रश्न समितीपुढे नेता येतो. इथे घराने उपचार नाकारले नव्हते, औषधाला पैसे कमी पडू दिले नव्हते. ठरलं ते असं: आत्ता नाही, पण घराने ठरलेली जबाबदारी झिडकारली किंवा इन्सुलिन बंद केलं, तर कळवायचं. ही अट केसपेपरवर तारखेसह लिहिली. अशी अट नुसती मनात ठेवली तर पुढच्या पाळीला तिचा उपयोग नसतो.

शेवटचा मार्ग, ज्यांच्या हातात घर आहे त्यांना वॉर्डात आणणं. तोच घेतला.

काय केलं

रविवारी तात्या आणि आजी आले. वडिलांना व्हिडिओ कॉलवर घेतलं. मुक्ताची आई सवयीने भिंतीला टेकून उभी राहिली. सिस्टरने तिला पलंगावर मुक्ताशेजारी बसवलं. बैठकीत एवढा बदलही पुरेसा असतो, सगळ्यांच्या नजरा फिरतात.

वडिलांनी फोनवरून लगेच सुरुवात केली. सिस्टर म्हणाल्या, “भाऊ, तुम्हाला बोलायला वेळ देणार आहे. आधी आजींना विचारते.” आणि विचारलं ते, पहिल्यांदा पोर आजारी पडली त्या रात्री काय काय पाहिलंत. आजीने सगळं बारीक सांगितलं, श्वासाचा वाससुद्धा. सांगता सांगता थांबून म्हणाली, “एवढीशी पोर, दोन दोन टायमाला सुई. आईचं काळीज हाय का दगुड?”

यावर उपदेश न करता सिस्टरने आजीचा हात मुक्ताच्या डाव्या मांडीवर ठेवला. वर्षानुवर्षं सुना-नातवंडांना तेल लावणारी ती बोटं. तिला क्षणात गाठ लागली. “ही कसली गं?” एकाच जागी सारखं टोचलं की तिथली चरबी घट्ट होते, तिथे औषध नीट लागू पडत नाही, पण दुखतं कमी, म्हणून मुलं हटकून तीच जागा धरतात. आजीने दुसरी मांडी चाचपली, दंड चाचपले, पोट चाचपलं. जागा बदलत राहण्यावर आपण फळ्यावर जेवढं बोलतो त्याहून जास्त त्या पाच मिनिटांत झालं.

मग मुक्ताची आई बोलली. सासूला ती आत्ती म्हणते. “टोचलं की आत्ती बोलतात, आकडा वाढला की हे बोलतात. मी काय करू ते मला एकानं सांगा.” फोनमधून बराच वेळ आवाज आला नाही.

वाटणी अशी झाली. सकाळ-संध्याकाळ टोचताना आजी शेजारी बसणार आणि जागा ती दाखवणार. डोस मुक्ता भरणार, रेघ आई पाहणार. रात्रीचं दूध चालू राहणार, साखरेशिवाय, आणि जेवणाच्या हिशेबात धरून. मीटरचा फोटो धाकटा चुलतभाऊ वॉर्डाच्या सिस्टरला पाठवणार, म्हणजे वहीची गरजच उरणार नाही. वडिलांनी “किती आली?” विचारायचं नाही; त्याऐवजी टोचून झालं का, जेवलीस का, शाळेत काय झालं. ते म्हणाले, “मग मला कळणार कसं?” आकडे आठवड्याने सिस्टर सांगतील, असं ठरलं. ते नाखुषीनेच तयार झाले.

शाळेवर गाडी अडली. तात्यांना गावात बोभाटा नको होता. इथे घाई केली असती तर सगळंच मोडलं असतं. शेवटी मुक्तालाच विचारलं, कोणाला कळलेलं चालेल. ती म्हणाली वर्गशिक्षिका आणि पीटीचे सर, बाकी कोणी नाही. तात्या शाळा व्यवस्थापन समितीवर आहेत. तेच शाळेत जाऊन दोघांशी बोलले आणि साखर उतरली तर काय करायचं तो कागद देऊन आले: ७० च्या खाली आली किंवा घाम, थरथर, चक्कर असेल तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून, १५ मिनिटांनी परत तपासणी, एकटं सोडायचं नाही, शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालायचं नाही. कंपासपेटीत ग्लुकोजची पुडी आली.

निष्पत्ती

तीन महिन्यांनी एचबीएवनसी १०.४, सहा महिन्यांनी ९.१. हे उद्दिष्टापासून लांबच आहे, पण त्यानंतर डीकेए झाली नाही, आणि मीटर व बाटल्यांचा हिशेब आता जुळतो.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. दिवाळीला वडील घरी आले आणि दुसऱ्या दिवशी जेवताना आकड्यावरून भांडण झालंच. धाकटा भाऊ या काळात रोज सकाळी पोट दुखतं म्हणू लागला; तपासणीत काही निघालं नाही. घरातलं सगळं लक्ष एका मुलाच्या आजाराकडे वळलं की दुसरं मूल अशीच जागा मागतं. आता आजी टोचायला बसते तेव्हा कापूस धरण्याचं काम त्याचं.

खरी फट पाचव्या महिन्यात दिसली. मुक्ताला पाळी आली. त्या घरात शिवाशीव पाळतात. आजी तीन दिवस तिच्याजवळ गेली नाही, मुक्ता बाजूच्या खोलीत होती, आणि सकाळचे दोन डोस चुकले. वयात येताना इन्सुलिनची गरज वाढते, त्यात हे चुकणं. साखर चारशेवर गेली. चुलतभावाने फोटो पाठवला म्हणून त्याच दिवशी कळलं. काकींना फोन केला. त्या म्हणाल्या, “आत्तींचं त्यांच्यापाशी, मी बसते.” तेव्हापासून त्या दिवसांत काकी बसतात.

काय वेगळं करता आलं असतं

अकरा वर्षांच्या मुलीची योजना आखताना पाळीचा विचार पहिल्याच बैठकीत व्हायला हवा होता. आजी हाच खांब धरला, तर आजी कोणत्या दिवशी नसते हेही विचारायला हवं होतं.

पहिल्या डिस्चार्जच्या वेळी शिकवायला कोणाला बसवायचं हे घरात विचारून ठरलं असतं, आणि हनिमून फेज आजीला समजावून सांगितली असती, तर काढ्याचा आणि आईच्या दोषाचा गुंता कदाचित झालाच नसता. समुपदेशकाकडे मुक्ताला फार उशिरा पाठवलं गेलं.

एक गोष्ट मला अजून खटकते. आम्ही घराची रचना आहे तशी वापरली. आजी आणि तात्यांचा अधिकार मुलीच्या कामी आला, पण तो अधिकार वाढलाही. आईकडे रेघ पाहण्याचं काम आलं. निर्णय आला नाही. काही विद्यार्थिनींनी वर्गात यावर जोरात हरकत घेतली आणि ती रास्त आहे. त्या दिवशी मुलीचा जीव आणि आईचं घरातलं स्थान हे दोन्ही एकाच बैठकीत सोडवता आले असते असं मला वाटत नाही. पुढच्या फेऱ्यांमध्ये सिस्टर डोसमधला बदल मुद्दाम आईला सांगतात आणि तात्यांना तो तिच्याकडून कळतो, एवढं चालू आहे.

वडिलांनी आता तिघांना जूनपासून आपल्याकडे न्यायचं काढलं आहे. या वेळी आई स्वतः म्हणाली, “मी तयार आहे, पण रात्रीचा प्रश्न तिथंही विचारायचा नाही, हे आधी ठरवा.” तिथल्या दवाखान्यासाठी पत्र तयार आहे. मुक्ताने अजून हो-नाही सांगितलेलं नाही. मे महिन्याच्या फेरीला वडील स्वतः येणार आहेत, निर्णय तेव्हा होईल.